काकाजींची खुर्ची

लग्नकार्यात कोणी नवीन भेटलं आणि "तुम्ही काय शिकवत होता?" असं विचारलं, की मी म्हणते, "रीझनिंग." समोरची बाई थोडा वेळ माझ्याकडे बघते आणि आदरानं म्हणते, "अच्छा, म्हणजे मॅथ्स." मी नाही म्हटलं की, "मग इंग्लिश?" तेही नाही म्हटलं की तिचा आदर जरा उतरतो आणि ती कढी वाढून घ्यायला निघून जाते. आमच्या ह्यांनी यावर तोडगा काढला आहे. ते परस्पर सांगून टाकतात, "ही पोरांना कोडी घालत होती आणि त्याचा पगार घेत होती." हे रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, त्यामुळे दुसऱ्याच्या कामाबद्दल त्यांचं मत नेहमी तयार असतं.

तर ते काम काय होतं, हे एकदा नीट सांगते. इंदूरला भंवरकुआँच्या चौकात उभं राहून कुठेही मान वळवा, कोचिंग क्लासची पाटी दिसेल. बँक, रेल्वे, पोलीस, पटवारी, कुठलीही भरती असो, परीक्षेत तर्कशक्तीचे प्रश्न असतातच. त्यातला एक प्रकार म्हणजे समसंबंध. मुलं त्याला ॲनालॉजी म्हणतात. दोन शब्द देतात, त्यांच्यात काही नातं असतं. मग तिसरा शब्द देतात आणि त्याच नात्यातला चौथा शब्द चार पर्यायांतून निवडायला सांगतात. चाकू : कापणे, तर पेन : काय? लिहिणे. झालं.

एवढंच, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. तरुणपणी मी या परीक्षांना बसले आणि एकीतही निवड झाली नाही. ज्यांना नोकऱ्या लागल्या ते नोकरीवर गेले, मी उरले, म्हणून मला शिकवायला ठेवलं. आमच्या धंद्यातले बरेचसे लोक असेच आलेले असतात, फक्त ते सांगत नाहीत.

माझा वर्गातला नियम एकच होता. उत्तर द्यायच्या आधी वाक्य बोलायचं. "डॉक्टर : रुग्ण :: वकील : ?" असा प्रश्न आला, आणि पर्यायांत अशील, न्यायाधीश, कोर्ट आणि काळा कोट असले, तर आधी डॉक्टर आणि रुग्ण यांना एका वाक्यात बसवायचं. डॉक्टरकडे रुग्ण येतो. मग तेच वाक्य वकिलाला लावायचं. वकिलाकडे अशील येतो. वाक्य ढिलं केलं की घोटाळा झालाच. एका मुलानं वाक्य केलं, "डॉक्टर रुग्णाला बघतो." मी म्हटलं, मग वकील कोणाला बघतो? तो म्हणाला, "मॅडम, माझ्या मामांचा तर नेहमी घड्याळ बघतो."

पण वाक्य घट्ट केलं तरी सगळं सुटत नाही. "मासा : पाणी :: पक्षी : ?" आणि पर्याय आकाश, झाड, शेत, घरटं. मासा पाण्यात राहतो म्हणावं तर पक्षी घरट्यात राहतो. मासा पाण्यात फिरतो म्हणावं तर पक्षी आकाशात. दोन्ही वाक्यं खरी. अशा वेळी खरं काय हे विचारून उपयोग नसतो. ज्यानं प्रश्न काढला त्याच्या डोक्यात कोणतं वाक्य होतं, तेच विचारायचं असतं. पण हे पोरांना समजणार कसं?

म्हणून मी काकाजी आणले.

काकाजी म्हणजे प्रश्न काढणारा माणूस. मी त्यांना कधी बघितलेलं नाही, पण वर्गात त्यांचं वर्णन रोज थोडं थोडं वाढत गेलं. ते टेबलाशी बसतात. चहात बिस्किट बुडवून खातात आणि ते कधी तुटून आत पडत नाही. त्यांच्या जगात डॉक्टर नेहमी दवाखान्यात असतो, सिंह गुहेत असतो, शेतकऱ्याच्या हातात नांगर असतो आणि पोस्टमन रोज येतो. तिथे अजून कोणी मोबाईल घेतलेला नाही. काकाजी वाईट नाहीत, फक्त ते कधी घराबाहेर पडलेले नाहीत. "बरोबर काय ते विचारू नका," मी सांगत असे, "काकाजी काय म्हणतील ते विचारा."

आमच्या हॉलमध्ये फळ्याशेजारी आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेली एक वेताची खुर्ची होती. तिचा एक हात हलत असे, म्हणून तिच्यावर कोणी बसत नसे. ती आपोआप काकाजींची झाली. मग तिच्यावर बसायचं नाही असा नियमच झाला. रंगपंचमीला पोरं तिला गुलाल लावत. परीक्षेला जायच्या दिवशी कोणी तिच्यावर फूल ठेवून जाई, आणि एका भल्या मुलानं थंडीत तिच्या पाठीवर मफलरही गुंडाळला होता. क्लासचे मालक म्हणत, "मॅडम, हे अंधश्रद्धेकडे चाललं आहे." मी म्हणे, "सर, फी येते आहे ना?" मग ते गप्प बसत.

या वर्गात कल्याणी आली.

सांवेरच्या पुढे तिचं गाव. घर मराठी. संस्थानच्या काळात कोणी पूर्वज घोडदळात होते, त्यांना जमीन मिळाली. घोडी गेली, जमीन राहिली, आणि मराठीही राहिली, पण माळव्याच्या मातीत चांगली मुरून. आई लहानपणीच गेलेली, घरात वडील आणि ही एकुलती एक. ट्रॅक्टर चालवायची. गणितात इतकी तल्लख की मीच कधी कधी तिच्याकडून आकडा तपासून घेई. तिला पटवारी व्हायचं होतं, म्हणजे गावोगाव जमिनींची मोजणी आणि नोंद ठेवणारा तो सरकारी माणूस, आणि ते तिला शोभलंही असतं. पण दोनदा थोडक्यात हुकली होती, आणि दोन्ही वेळा या समसंबंधांनीच घात केला होता.

का, ते मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. मी फळ्यावर लिहिलं, "थंडी : स्वेटर :: पाऊस : ?" पर्याय छत्री, चिखल, ढग, पेरणी. कल्याणी उभी राहिली आणि म्हणाली, "पेरणी."

"वाक्य?"

"थंडी पडली की स्वेटरची वेळ होते, पाऊस पडला की पेरणीची."

"आणि छत्री?"

"छत्री घेऊन पेरणी कोण करतं, मॅडम?"

वर्ग हसला. मी म्हटलं, "काकाजी शहरात राहतात गं." ती म्हणाली, "मग त्यांना पावसाचं कशाला विचारता?" आणि बसली.

पुढच्या आठवड्यात "विहीर : पाणी :: कोठार : ?" असा प्रश्न होता. पर्यायांत धान्य होतं, आणि उंदीरही. तिनं उंदीर सांगितलं. तिचं वाक्य असं होतं, "विहिरीत न भरता आपोआप येतं ते पाणी, कोठारात न भरता आपोआप येतात ते उंदीर. धान्य तर भरावं लागतं." मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग दिलेस ना मार्क?" मार्क मी कुठून देणार? मार्क तर काकाजी देतात.

मी तिला सांगून थकले. ती घरून प्रश्न सोडवून आणी, प्रत्येक वाक्य अगदी खरं, आणि प्रत्येक उत्तर चूक.

त्या वर्षी परीक्षा पुढे ढकलली गेली. अशा परीक्षा पुढे जातच असतात, पोरं चहावर थोडं ओरडतात आणि परत वर्गात येऊन बसतात. पण कल्याणीचं तसं नव्हतं. वडिलांशी तिचं ठरलं होतं की परीक्षा देऊन सोयाबीनच्या कापणीच्या आत घरी परतायचं. आता परीक्षा कापणीच्या नंतर गेली. घरून निरोपावर निरोप यायला लागले. वडील एकटे होते, गुडघे दुखत होते, शेत कोण बघणार? त्यांचंही चुकत नव्हतं. ती मला एवढंच म्हणाली, "मॅडम, मी एकदा घरी गेले की परत येणं होणार नाही. शेत सोडत नाही कोणाला."

मग एक दिवस ते स्वतःच तिला न्यायला आले.

सकाळची बॅच होती, हॉल गच्च, सगळे सरावाच्या पेपरात मान खाली घालून बसलेले. मी मागच्या रांगांतून फिरत होते. दारातून एक उंच म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरा साफा, पांढरा सदरा, खांद्यावर गमछा, हातात रिकामी पिशवी. जिना चढून दमले होते. हॉलभर नजर फिरवली, एकच खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर जाऊन बसले.

"काकाजी आ गए!" मागून कोणीतरी ओरडलं.

अख्खा हॉल हसायला लागला. टाळ्याही वाजल्या. गृहस्थांनी आधी मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. मग स्वतःच्या साफ्याला हात लावून बघितला. आणि मग त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथे कल्याणी बसली होती. ती पेपरातून मान वर न काढता सगळ्यांबरोबर हसली होती. मान वर केली तेव्हा तिला कळलं आपण कोणाला हसलो.

"आबा," ती म्हणाली.

"हसता कशाला?" आबांनी हॉलला विचारलं. "कुर्सी रिकामी होती, म्हणून बसलो." मग तिच्याकडे बघून म्हणाले, "चल. सामान घे. दुपारची बस आहे."

मी पुढे धावले. स्वतःची ओळख सांगितली, हात जोडले. आबा म्हणाले, "मॅडमजी, ही तुमची पोरं आहेत, त्यांना काय बोलू? पण आमची पोरगी आमच्यावर हसायला इथे नव्हती पाठवली."

"आबा, ते तुम्हाला नाही हसले. ते काकाजींना हसले."

"कोण काकाजी?"

आता हे समजावणं आलं. आयुष्यात मी इतक्या पोरांसमोर उभी राहिले, पण असा घाम कधी फुटला नव्हता. मी त्यांना प्रश्न काढणाऱ्या माणसाचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं, बिस्किटाचंसुद्धा सांगितलं. आबा खुर्चीतून उठले नव्हते. हलणाऱ्या हातावर हात ठेवून नीट ऐकत होते.

"म्हणजे हा माणूस नाहीये," ते म्हणाले.

"नाही."

"पण त्याची कुर्सी आहे."

"हो."

"आणि नोकरी कोणाला लागणार ते हा ठरवतो."

"तसंच काहीसं."

आबांनी थोडा विचार केला. "समजलं," ते म्हणाले. "आमच्या गावातही असे आहेत एक-दोन."

हॉल हसला, पण या वेळी जपून. आबांच्या मिशीतही जरा हलल्यासारखं झालं. म्हणाले, "विचारा बरं मला एक. बघू तर द्या, पोरगी घरचं सगळं सोडून इथे काय करते."

मी मुद्दामच तोच निवडला. "थंडीला स्वेटर, तर पावसाला काय? छत्री, चिखल, ढग की पेरणी?"

"पेरणी," आबा म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

हॉलमधली सगळी डोकी कल्याणीकडे वळली. मी दुसरा विचारला. विहिरीत पाणी, तर कोठारात काय?

"धान्य म्हणावं तर ते आपण भरतो," आबा म्हणाले. "आपोआप तर उंदीरच येतात."

शब्दसुद्धा तेच. मी मासा आणि पक्ष्याचा विचारला. आबा म्हणाले, "शेत. पाखरं शेतात नाही तर कुठे? आकाशात दाणे थोडेच असतात." पुढच्या बाकावरच्या मुलीनं हळूच सांगितलं, "आबा, शून्य."

"शून्य?" आबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी कल्याणीकडे बघितलं, आणि त्यांचा आवाज खाली आला. "म्हणजे पोरगी दोन वेळा फेल झाली ती माझ्यामुळे?"

कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. तेवढ्यात कल्याणी उठून पुढे आली.

"तुमच्यामुळे नाही, आबा. मी कोणाचं उत्तर देते आहे तेच मला समजत नव्हतं. मला वाटायचं, हे माझंच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आता बसलं डोक्यात. प्रश्न वाचला की पहिलं जे येतं ते आबांचं. ते ओळखायचं, बाजूला ठेवायचं, मग काकाजींचं शोधायचं."

"बाजूला ठेवायचं म्हणजे कापायचं ना?" आबांनी विचारलं.

ती म्हणाली, "हो."

आबा पिशवीची घडी करत राहिले. मला वाटलं, आता उठतात आणि हिला घेऊन जातात. मी मनातल्या मनात हार मानली होती.

"पण कापायला आधी माझं उत्तर माहीत पाहिजे," आबा म्हणाले. "तुला काय माहीत मी काय म्हणेन? अर्ध्या गोष्टी तर तू मला कधी विचारल्याच नाहीस. असं कर, रोज संध्याकाळी फोन लाव. मी सांगत जाईन, तू कापत जा."

"आणि सोयाबीन?"

"हार्वेस्टर बोलावतो. शेत कुठे पळून जातं?"

ते उठले, खुर्चीला, म्हणजे काकाजींना, रीतसर नमस्कार केला आणि दुपारच्या बसनं एकटे परत गेले. त्या दिवशी माझ्याच्यानं पुढे काही शिकवणं झालं नाही.

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी फोन चालू राहिला. कल्याणी वसतिगृहाच्या गच्चीवरून प्रश्न वाचे, आबा ओट्यावर बसून उत्तर देत, आणि ती तेवढं एक कापून उरलेल्यांत काकाजींचं शोधे. तिचे मार्क भराभर चढले. मी निश्चिंत झाले. इतकी निश्चिंत की घरी ह्यांनाही ही पद्धत सांगितली. तेव्हापासून हे मला भाजी कोणती आणू विचारतात, मी सांगते, आणि ते दुसरीच आणतात.

आणि परीक्षा तोंडावर आलेली असताना एका सरावाच्या पेपरात कल्याणी धाडकन खाली आली. समसंबंधांत जवळजवळ सगळी चूक. मला वाटलं ताप आला असेल. तिला समोर बसवून एकेक प्रश्न बोलायला लावला.

"कुंभार : माती :: सुतार : ? मॅडम, आबा म्हणतील लाकूड. म्हणून लाकूड कापलं."

"आबा लाकूड का म्हणतील? आबा म्हणतील, उधारी. कुंभाराकडे ढीग मातीचा, सुताराकडे उधारीचा." पर्यायांत ती होतीच.

"आधी म्हणाले असते. आता लाकूडच म्हणतात."

काय झालं होतं ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला. रोज फोनवर प्रश्न सोडवून सोडवून आबा तयार झाले होते. हळूहळू त्यांना काकाजी कळायला लागले होते. चिखल, पेरणी, उंदीर सगळं सोडून ते छत्री म्हणायला लागले होते, आणि ही पोरगी इमानेइतबारे छत्री कापत होती. इतकी वर्षं मी शिकवलं, पण विद्यार्थ्याचा बाप हुशार झाल्यामुळे विद्यार्थी फेल, अशी केस माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती.

मी आबांना फोन लावला.

"आबा, एक विनंती आहे. बरोबर उत्तरं देऊ नका."

"का?" त्यांना लागलं होतं. "मॅडमजी, दोन महिने अभ्यास केला. आता गावातली पोरं माझ्याकडे विचारायला येतात. परवा तर दहापैकी नऊ आले."

"मला माहीत आहे, आबा. तुम्ही परीक्षेला बसला असता तर तुम्हाला नोकरी लागली असती. पण बसायचं कल्याणीला आहे. ती तुमचं उत्तर कापते. तुम्ही बरोबर असलात तर ती चुकते."

फोनवर थोडा वेळ नुसता बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत राहिला.

"ठीक आहे," आबा म्हणाले. "मी फेल होतो."

मी फोन ठेवला. माझ्या वर्गातून पास होऊन गेलेली पोरं बघून मला आनंद होत आला आहे. पण अशा फेल होणाऱ्या माणसाचा जितका अभिमान वाटला तितका कोणाचाच वाटला नाही.

परत आबांची उत्तरं शेतात गेली. कल्याणी सांगे की आता त्यांना आठवून आठवून चुकावं लागतं. आधी छत्री तोंडात येते, मग ते थांबतात, आणि मग पेरणी म्हणतात. शेवटच्या आठवड्यात तीच त्यांना म्हणाली, "आबा, आता तुम्ही काहीही म्हणा. मला दोघांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात." परीक्षेला जाताना तिनं काकाजींच्या खुर्चीवर फूल नाही ठेवलं. सोयाबीनच्या दोन वाळक्या शेंगा ठेवल्या. म्हणाली, "बघू दे त्यांना, हे काय असतं ते."

ती पास झाली. देपालपूरच्या बाजूला नेमणूक मिळाली. बातमी सांगायला आबा स्वतः आले. या वेळी वर्ग नवीन होता. आबा सरळ जाऊन खुर्चीत बसले तेव्हा एक मुलगा घाईघाईनं म्हणाला, "दादाजी, ती काकाजींची कुर्सी आहे, तिथे बसत नाहीत." आबा म्हणाले, "माहीत आहे. आमची जुनी ओळख आहे."

लोक विचारतात, आयुष्यभर हे काम केलंस, कधी खंत वाटली का? वाटली. गावाकडून पोरं येत, डोक्यात कोठारं, गोठे, आठवडी बाजार भरून घेऊन येत, आणि मी त्यांना रोज सांगे की हे सगळं खरं आहे, पण हे लिहू नका. नोकरी लागायची तर दुसरा उपाय नव्हता. पण सिंह गुहेत असतो हे मी इतक्या वेळा सांगितलं, आणि उंदीर कोठारात असतात या वाक्याला एकदाही मार्क देता आला नाही, याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

नोकरीवर रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत कल्याणीचा फोन आला होता. "मॅडम, इथे काकाजी एकदम फेल आहेत. लोक विचारतात बांधाचं, ओढ्याचं, कुठल्या शेतात पाणी थांबतं ते. रोज आबांना फोन लावते."

"आणि ते सांगतात?"

"सांगतात ना. आता कापत नाही मी."

मी निवृत्त झाले तेव्हा क्लासनं शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. निवृत्त माणसाला घड्याळ का देतात, याचं वाक्य मला अजून जमलेलं नाही. हॉलचं नवीन फर्निचर येणार होतं, म्हणून काकाजींची खुर्ची भंगारात जाणार होती. हे कुठून तरी आबांना कळलं, आणि ते चक्क ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आले. मालकांनी विचारलं, या मोडक्या खुर्चीचं काय करणार? आबा म्हणाले, "बिचारा इतकी वर्षं या हॉलमध्ये बसून आहे. जरा शेत दाखवतो त्याला."

मागच्या महिन्यात हे आणि मी सांवेरच्या पुढे आबांच्या गावी जाऊन आलो. आबांनी खुर्चीचा हात तारेनं घट्ट बांधला आहे. ती विहिरीजवळ कडुनिंबाखाली ठेवली आहे, तोंड सोयाबीनकडे करून. तिच्यावर तिथेही कोणी बसत नाही. आम्ही सगळे खाटेवर बसलो. रविवार होता, कल्याणी आली होती. तिनं चहा दिला आणि एक कप खुर्चीसमोरच्या दगडावरही ठेवला. ह्यांनी विचारलं, "बिस्किट?" तर तेही ठेवलं.

चहा झाल्यावर आबा म्हणाले, "मॅडमजी, विचारा ना एक. पुष्कळ दिवस झाले."

मला दुसरा काही सुचलाच नाही. "थंडीला स्वेटर, तर पावसाला काय?"

आबांनी खुर्चीकडे बघितलं. "याच्यासमोर सांगू?"

"सांगा की."

"खरं?"

"खरं."

"पेरणी," आबा म्हणाले, आणि सवयीनं लेकीकडे बघत थांबले, कधी कापते म्हणून.

"बरोबर," कल्याणी म्हणाली.